आईच्या मेंदूचे फोटो संशोधनाला द्यावेत का?

सूरसागरकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर गुपचूप वाचून जाणारी बाई. आज सल्ला हवाय, जरा लांबण लागेल.

३ तारखेला सकाळी सहाला आई (वय ६८) उठली, चहा ठेवला आणि गाळणी हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मी आतून "काय गं?" म्हटलं तर जे उत्तर आलं त्यात शब्दच नव्हते. बाहेर येऊन बघते तो तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात नुसता लोंबतोय आणि ती डाव्या हाताने गॅस बारीक करू बघतेय. रात्री साडेदहाला हसतखेळत झोपली होती.

एकशे आठ आली, सव्वासातला दवाखान्यात पोचलो. सीटी स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल. भाऊ लगेच म्हणाला, नॉर्मल आहे ने, मग बीपीचं असेल, घरी नेऊ. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सीटी नॉर्मल आहे ही चांगली बातमी आहे. आता पटकन एमआरआय." आम्हाला ओ की ठो कळलं नाही. एमआरआयच्या दारात आईच्या पाटल्या अडल्या. पस्तीस वर्षं न काढलेल्या. सिस्टरने हात धुवायचा साबण ओतला, मी कोपर धरलं. डावी निघाली, उजवी निघेना, कारण तो हात मदतच करत नव्हता. त्या पाटलीपायी गेलेली मिनिटं मला अजून रात्री आठवतात. साडेआठच्या सुमारास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी आई "पाणी" म्हणाली, स्पष्ट.

आता घरी आहे. बोलणं बरंचसं परत आलंय, हात अजून ढिला आहे. काल दाखवायला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. झोपेत मेंदूचा झटका (स्ट्रोक) आलेल्यांच्या स्कॅनवर त्यांचा अभ्यास चाललाय. आईचे सीटी-एमआरआयचे फोटो हवेत, नाव काढून. नव्वद दिवसांनी एक फोन करणार. फोटो सॉफ्टवेअरला शिकवायलाही वापरतील म्हणे. फॉर्म तीन पानी, गुजराती आणि इंग्रजीत. भाऊ म्हणतो अजिबात नाही, उद्या विमा कंपनीच्या हातात पडेल, शिवाय कोणीतरी त्यावर कोटी कमावेल आणि आपल्याला काय? मला ठरवता येत नाहीये.

आणखी एक. फाइलवर 'मिसमॅच' असा शब्द लिहिलाय. काय जुळत नाहीये? विचारायची भीती वाटली.

---

मांडवीचा_मावळा | ११ जानेवारी, रात्री ९:५८

आधी आईंना लवकर पूर्ण बरं वाटो.

बाकी "नॉर्मल आहे ही चांगली बातमी, आता पुढची टेस्ट" हे आमच्या गॅरेजवाल्याचंही वाक्य आहे. इंजिन नॉर्मल, वायरिंग नॉर्मल, गाडी मात्र ढकलत आणलेली.

---

क्षकिरण | ११ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, मी रेडिओलॉजीत आहे, इथे बडोद्यातच. तुमच्या दवाखान्यात नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

झटका दोन जातींचा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, नाहीतर बुजते. बाहेरून दोन्हींत फरक कळत नाही, तेच वाकडं तोंड, तोच गळालेला हात. उपाय मात्र उलटे. बुजलेलीवरचं इंजेक्शन फुटलेलीला दिलं तर माणूस जाईल. सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं, लगेच कळतं. ते नाही म्हटल्यावर अर्धा पेपर सुटला. त्या बाईंची चांगली बातमी ती.

पण बुजलेल्या वाहिनीमुळे उपाशी पडलेला मेंदू पहिल्या काही तासांत सीटीवर जवळजवळ तसाच दिसतो. सीटीच्या मापात पाणी म्हणजे ० आणि हवा म्हणजे उणे १०००. मेंदूचा करडा आणि पांढरा भाग यांच्यातलं अंतर या मापावर दहा-पंधराचं, आणि सुरुवातीला तेही जरासंच पुसट होतं. शिकत असताना मी असा एक फोटो नॉर्मल म्हणून पुढे सरकवला होता. सरांनी पेन्सिलीच्या टोकाने जागा दाखवली. खरं सांगतो, तेव्हाही मला अर्धवटच दिसलं. २००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना छापून आली होती: झटक्याचा संशय असलेले ३५६ रुग्ण, प्रत्येकाचे दोन्ही स्कॅन. बुजलेल्या वाहिनीचा ताजा झटका एमआरआयने १६४ जणांत पकडला, सीटीने ३५ जणांत.

आता मिसमॅच. घाबरू नका, तुमच्या फाइलवरचा सगळ्यात चांगला शब्द तोच आहे.

एमआरआयच्या एका प्रकारात मेंदूतल्या पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात ते बघतात. पेशी उपाशी पडली की फुगते, पाणी आत कोंडतं, आणि तेवढी जागा काही मिनिटांत पांढरी चमकते. याला डिफ्युजन म्हणतात. दुसरा प्रकार फ्लेअर. त्यावर डाग उमटायला काही तास लागतात. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला तर आधी नळाचं पाणी जातं, खालच्या भिंतीवर ओल मागाहून येते, तसं. डिफ्युजनवर डाग आहे, फ्लेअरवर अजून नाही, हे न जुळणं म्हणजे मिसमॅच. ओल अजून भिंतीवर आलेली नव्हती. थोडक्यात: झटका ताजा आहे.

हे इतकं महत्त्वाचं का? इंजेक्शनची मर्यादा साडेचार तास, आणि घड्याळ धरायचं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. तुमच्या आईंचं साडेदहापासून. सव्वासातपर्यंत पावणेनऊ तास झाले होते. जुन्या नियमाने दार बंद. ते उघडलं वेक-अप नावाच्या अभ्यासाने, युरोपात झाला, २०१८ मध्ये छापला. वेळ माहीत नसलेले ५०३ रुग्ण, सगळ्यांच्या एमआरआयवर हाच मिसमॅच. नव्वद दिवसांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ५३.३ टक्के जवळजवळ पूर्ववत होते, बाकीच्यांपैकी ४१.८. मेंदूत रक्तस्रावाचा धोका इंजेक्शनने थोडा वाढला, हेही त्यातच लिहिलंय.

त्या ५०३ जणांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी असाच एक कागद सही केला होता. तुम्ही काय करावं हे मी सांगत नाही. उद्या पहाटेची ड्यूटी आहे, बाकी नंतर.

---

लीलो_चेवडो | ११ जानेवारी, रात्री ११:३१

डॉक, दंडवत. ओलीचं उदाहरण आमच्या वाड्यात राहून गेल्याशिवाय सुचणार नाही.

---

जुना_तंत्रज्ञ | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, पाटलीचं मनाला लावून घेऊ नका. पंचवीस वर्षं एमआरआयच्या दारात उभा होतो, निम्मी नोकरी बांगड्या, जोडवी आणि नथी काढण्यात गेली. साबणापेक्षा सोपा उपाय बांगडीवाल्यांचा: हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि पाटली त्यावरून घसरवायची. आमच्याकडे कपाटात पिशव्यांची चळतच असायची. आणि सोनोग्राफीचं जेल. पुण्याहून आलेल्या एका साहेबांना वाटलं होतं की आम्ही किराणा सामान ठेवतो.

सोनं चुंबकाला चिकटत नाही, तरी काढायचं, कारण आतला स्क्रू कशाचा आहे हे सोनारालाच ठाऊक. खरी भीती पदराच्या पिनेची. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट, आणि ते कधी बंद नसतं. रात्री दिवे मालवून आम्ही घरी जायचो तेव्हाही ते चालूच. लोकांना वाटतं बटण दाबलं की सुरू होतं.

---

शंकासुर | १२ जानेवारी, सकाळी १०:२०

क्षकिरण यांनी छान समजावलं, पण शेवटी हळूच भावनेला हात घातलाच. ५०३ जणांनी सही केली म्हणून ५०४व्याने करावी, हा काय हिशोब?

"नाव काढून देऊ" हे वाक्य मला कोणीतरी उलगडून सांगा. स्कॅनच्या फाइलच्या पोटात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा क्रमांक, तारीख-वेळ सगळं असतं. फाइलचं नाव बदललं म्हणजे झालं नाही. आणि डोक्याच्या एमआरआयमध्ये फक्त मेंदू येत नाही. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं येतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि साधं चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर लावून त्यांच्या फोटोंशी जुळवले. ८४ पैकी ७० बरोबर ओळखले. आता बोला.

ताईंचे भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

---

मांडवीचा_मावळा | १२ जानेवारी, सकाळी १०:२६

आधार कार्डावरचा फोटो माझा मलाही ओळखता येत नाही. एमआरआयवरून करून देतील का? (ह. घ्या.)

---

वाघोडियारोड | १२ जानेवारी, दुपारी १:४५

शंकासुर, मी एका कंपनीत हेच काम करते. दिवसभर फोटो स्वच्छ करायचे. तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि म्हणूनच आता डोक्याचे फोटो बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भाग खोडून टाकतात, त्याची वेगळी सॉफ्टवेअरं आहेत. फाइलच्या पोटातलं नावगाव काढणं त्या मानाने सोपं. डोकेदुखी सोनोग्राफी आणि इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची), कारण तिथे नाव चित्रातच छापलेलं असतं, वरच्या कोपऱ्यात. ते मशीनला सापडलं नाही की आम्ही डोळ्यांनी शोधतो. मागे एका कोपऱ्यात "बा ने लेवा आववानु" असं टाइप केलेलं सापडलं होतं. कोणाची बा आणि कोण न्यायला येणार होतं, देव जाणे. खोडलं.

पण दुसरी बाजूही आहे. शिकवायला फोटो कुठून आणले यावर सॉफ्टवेअरचं सगळं अवलंबून असतं. २०१८ मध्ये अमेरिकेत न्यूमोनियाचे एक्सरे वाचणारी एक प्रणाली तपासली, तर ती फुप्फुसापेक्षा फोटो कोणत्या दवाखान्यातला आहे हेच जास्त ओळखायला शिकली होती. कारण एका दवाखान्यात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त होते. परक्या दवाखान्यात नेल्यावर गडबडली. आपल्याकडे मेंदूच्या मोठ्या वाहिन्या कवटीच्या आतच अरुंद झालेल्या जास्त सापडतात, युरोपातल्या गोऱ्यांमध्ये मानेतल्या. तिकडच्या फोटोंवर शिकलेलं यंत्र इथे बडोद्यात आणून बसवलं तर ते कुठे बघणार?

---

शंकासुर | १२ जानेवारी, दुपारी २:१०

म्हणजे दवाखान्याने कच्चा माल फुकट घ्यायचा आणि पक्का माल आपल्यालाच विकायचा. कापूस मँचेस्टरला, धोतर इथे. ऐकल्यासारखं वाटतंय.

---

वाघोडियारोड | १२ जानेवारी, दुपारी २:३४

उपमा झकास, पण या वेळी गिरणीही इथलीच आहे हो. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या कामात डोक्याचे ३,१३,३१८ सीटी स्कॅन वापरले, सगळे भारतातल्या साधारण वीस केंद्रांतले. रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर वगैरे शोधायला. आणि दुसऱ्यांनाही पडताळता यावं म्हणून ४९१ स्कॅनचा एक संच नावं काढून सर्वांसाठी खुला केला.

---

शंकासुर | १२ जानेवारी, दुपारी २:४१

तीन लाख. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की आपलं डोकं लॅन्सेटात गेलंय?

---

निवृत्त_नि_निवांत | १२ जानेवारी, सायं. ६:३०

माझा प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षी मला सौम्य झटका आला, जीभ जड झाली, दोन दिवसांत सुटली. दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले ते समजलं. मग म्हणाले छातीची सोनोग्राफी, मग चोवीस तास छातीला वायरी. मी सौ.ला म्हटलं, बिल वाढवतायत. दुखणं वर, जेल खाली. खरं काय?

---

क्षकिरण | १२ जानेवारी, रात्री १०:५०

काका, यात त्यांची लबाडी नव्हती. बुजवणारी गुठळी मेंदूत तयार झालेली असतेच असं नाही. साधारण पाचातला एक झटका हृदयातून आलेल्या गुठळीने होतो. हृदयाची लय बिघडली की डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा जो खिसा असतो, त्यात रक्त साचून राहतं आणि थिजतं. तिथून सुटलेला तुकडा सरळ वर. चोवीस तासांच्या वायरी ती लय पकडायला, जेल हृदयाच्या झडपा बघायला. लहानपणी सांधेताप झालेल्यांच्या झडपा आपल्याकडे अजूनही खराब सापडतात. तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी सुरू केली असेल तर कारण हे असू शकतं.

अवांतर: इकोचा जन्मही उसनवारीवर झालाय. स्वीडनमधल्या लुंडचे एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र मागून आणलं आणि ते छातीला लावलं.

---

जुना_तंत्रज्ञ | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

उसनवारीवरून आठवलं. सीटी शोधणारे हाउन्सफील्ड नोकरीला होते ईएमआयमध्ये, म्हणजे कुत्रा ग्रामोफोन ऐकतोय ती ज्यांची रेकॉर्ड, तीच कंपनी. आधी बैलाच्या मेंदूवर प्रयोग केले. माणसावर पहिला स्कॅन १ ऑक्टोबर १९७१, लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात. चित्र ८० बाय ८० चौकटींचं, आजच्या मोबाइलवरच्या आयकॉनएवढं. १९७९ ला नोबेल, कॉरमॅक यांच्याबरोबर वाटून. आमच्या खात्यात नव्या पोरांना मी हे सांगायचो तेव्हा ती माझ्याकडे बैलाच्याच नजरेने बघायची.

---

लीलो_चेवडो | १४ जानेवारी, सकाळी ११:१५

उत्तरायणाच्या शुभेच्छा! गच्चीवरून टाइप करतेय, मागे पतंगवाल्यांचं "काप्यो छे" चालू आहे, टायपो माफ. उंधियुं-जलेबीच्या रांगेत नवऱ्याला उभं केलंय.

डॉक, २०२३ च्या नवरात्रात गरब्यात लोक कोसळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून दर वर्षी भाद्रपदात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "हृदयाचं पॅकेज" फिरतं. त्यात कॅल्शियम स्कोर म्हणून एक स्कॅन असतो. माझा शून्य आला. नवऱ्याने लगेच तळणावरची बंदी उठवली. बरोबर केलं का त्याने?

---

क्षकिरण | १४ जानेवारी, दुपारी ४:०५

नाही. (हे नवऱ्याला दाखवा.)

कॅल्शियम स्कोर १९९० पासून आहे, अ‍ॅगॅट्स्टन यांच्या नावाने. हृदयाच्या वाहिन्यांत चुना किती साठलाय ते मोजतो. शून्य चांगलाच, पुढच्या काही वर्षांचा धोका कमी. पण जो थर अजून मऊ आहे, चुना धरलेला नाही, तो यात मोजलाच जात नाही, आणि तरुणांत तोच जास्त असतो. छातीत दुखतंय अशांसाठी डाय टोचून केलेली सीटी अँजिओग्राफी वेगळी. स्कॉटलंडमध्ये स्कॉट-हार्ट अभ्यासात छातीदुखीचे ४,१४६ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या तपासण्या, निम्म्यांना त्याशिवाय ही सीटी. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक: सीटीवाल्यांत २.३ टक्के, दुसऱ्यांत ३.९. गंमत म्हणजे पाच वर्षांचा हिशोब बघितला तर सीटीवाल्यांच्या अँजिओप्लास्टी-बायपास काही जास्त झाल्या नव्हत्या. बहुधा डोळ्यांनी थर दिसल्यावर डॉक्टरांनी गोळ्या नीट दिल्या आणि लोकांनी त्या नीट घेतल्या. मला तरी हेच पटतं.

काहीही होत नसताना, पत्रक आलं म्हणून, सगळ्या सोसायटीने रांग लावायची गरज नाही.

---

मांडवीचा_मावळा | १४ जानेवारी, दुपारी ४:०९

लीलोताई, नवरा उंधियुंच्या रांगेत आहे तोवर हे वाचून दाखवू नका. रांग सोडून येईल.

---

इंदुरी_जिरावण | १४ जानेवारी, रात्री ९:२०

इंदूरहून. पोहे-जिलबीवाल्या गावाचा बडोद्याच्या सेव-उसळीला सलाम. धागा पहिल्यापासून वाचला, लिहू की नको करत होतो.

आमच्या बाबांचं असंच झालं, चार वर्षांपूर्वी. संध्याकाळी पाचला, माझ्यासमोर. म्हणजे वेळ पक्की माहीत. वीस मिनिटांत एका दवाखान्यात होतो. तिथे आधी काउंटरवर पैसे भरा, मग सीटीचा माणूस जेवायला गेलाय, मग आता आलाय पण मशीन गरम होतंय. सीटी झाला तेव्हा सव्वाआठ. रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल म्हणून आम्हाला जनरल वॉर्डात टाकलं. सकाळी दुसरा सीटी काढला, त्यावर तळहाताएवढा काळा डाग. मी तो फोटो बघितलाय. बाबा अडीच वर्षं अंथरुणात होते.

नॉर्मलचा अर्थ क्षकिरण यांनी त्यांच्या पहिल्या प्रतिसादात लिहिला तो मला त्या रात्री कोणी सांगितला असता तर मी काउंटरवर भांडलो असतो. आता फक्त एवढं विचारतो, सकाळी काही करता आलं असतं का?

---

क्षकिरण | १५ जानेवारी, पहाटे ५:४०

रात्रभर ड्यूटी होती, उशिरा बघतोय.

काही जणांत आलं असतं, काहींत नाही, आणि बाबांचा फोटो बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. पण ठोकळ सांगतो, आमच्या बडोद्याच्या पोळीतल्या (पोळ म्हणजे जुनी दाट गल्ली) पाण्यावरून. मुख्य लाइन बुजली की पोळीतली सगळी घरं एकदम कोरडी पडत नाहीत. लाइनच्या तोंडाशी असलेली लगेच कोरडी. पुढच्या घरांच्या गच्चीवर टाक्या आहेत, कोणाला शेजारच्या गल्लीच्या लाइनमधून बारीक धार येते. ती घरं तग धरून असतात. मेंदूतल्या या तग धरलेल्या भागाला पेनम्ब्रा म्हणतात. कोणाची टाकी दोन तासांत संपते, कोणाची वीस तास पुरते. पूर्वी आम्ही सगळ्यांना एकच घड्याळ लावत होतो. आता सीटी परफ्युजन किंवा एमआरआयवर टाकीत पाणी आहे का ते बघता येतं. डॉन नावाच्या अभ्यासात मोठी वाहिनी बुजून ६ ते २४ तास झालेल्या २०६ रुग्णांपैकी निम्म्यांची गुठळी मांडीतून तार घालून काढली. तग धरलेला भाग शिल्लक असलेलेच रुग्ण निवडले होते. नव्वद दिवसांनी आपलं आपण करू शकणारे: गुठळी काढलेल्यांत ४९ टक्के, न काढलेल्यांत १३. फरक इतका मोठा निघाला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला.

हे २०१८ च्या सुरुवातीला छापलं. सोय असलेली ठिकाणं मात्र आजही मोजकी. काउंटरवर भांडून तुम्हाला ती तिथे मिळाली असतीच असं नाही.

---

इंदुरी_जिरावण | १५ जानेवारी, सकाळी ८:१२

धन्यवाद डॉक्टर. एवढंच ऐकायचं होतं.

---

शंकासुर | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

इंदुरी भाऊ, वाईट वाटलं.

मी माझ्या मतावरून हललेलो नाही, पण सूरसागरताई, नुसतं "नको" म्हणणं हा सल्ला नव्हे. डॉक्टरांना विचारा, दवाखान्याच्या एथिक्स कमिटीची मंजुरी कुठे आहे, ती त्यांना दाखवता आली पाहिजे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एआयसाठी २०२३ ची वेगळी आहेत, त्यामुळे "असं काही नसतं" हे उत्तर चालणार नाही. चेहरा खोडणार का? फोटो कंपनीला जाणार का, की कॉलेजातच राहणार? आणि मन बदललं तर नाव मागे घेता येतं का? येतं, यायलाच हवं, त्यासाठी उपचारांत काडीचा फरक पडता कामा नये. हे फॉर्मवर लिहिलेलं नसेल तर सही करू नका. असेल तर तुमचं तुम्ही बघा.

---

वाघोडियारोड | १५ जानेवारी, सकाळी ९:४४

+१. आज पहिल्यांदा शंकासुरांशी सहमत. तारीख नोंदवून ठेवते.

---

कोठीवाली | १५ जानेवारी, दुपारी १२:००

चार दिवस वाचतेय. भावाचं मत कळलं, शंकासुरांचं कळलं, डॉक्टरांचं कळलं, मँचेस्टरचंही कळलं.

मेंदू आईंचा आहे. आईंना विचारलंत का?

---

मांडवीचा_मावळा | १५ जानेवारी, दुपारी १२:०३

*शांतता*

---

सूरसागरकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:१५

नाही विचारलं. खोटं कशाला बोलू. बोलायला त्रास होतो म्हणून आम्ही दोघं भावंडं तिच्या डोक्यावरून बोलत होतो, ती समोर बसलेली असताना. उद्या विचारते.

---

सूरसागरकाठ | १७ जानेवारी, रात्री ९:०५

विचारलं. सांगते.

आई बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिक्षिका होती. फॉर्म गुजराती, पण बडोद्यात जन्म गेलेला, तिला मराठीइतकंच सहज वाचता येतं. चष्मा लावून तीनही पानं वाचली, पाऊण तास लागला. मध्ये भाऊ दोनदा "मी सांगतो ने काय लिहिलंय" म्हणाला, दोन्ही वेळा तिने डावा हात वर केला, वर्गात करायची तसा.

आज आम्ही तिघं गेलो. शंकासुर, तुमचे सगळे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. मंजुरीचं पत्र दाखवलं, चेहरा खोडतात, नाव मागे घेता येतं, ते दुसऱ्या पानावर होतंच. कंपनीला फोटो देण्याची चौकट वेगळी होती, तिथे हो किंवा नाही अशी खूण करायची. आईने तिथे नाही केली. भाऊ खूश.

मग तिने त्या डॉक्टर मुलाला स्वतःचा प्रश्न विचारला. शब्द शोधत, थांबत थांबत. "मला कुठल्या रांगेत बसवणार? बऱ्या झालेल्या की न झालेल्या?" तो गडबडला. म्हणाला, ते आत्ता नाही ठरत आजी, नव्वद दिवसांनी फोन करून विचारतो आणि गुण देतो, ० ते ६. ० म्हणजे काहीच त्रास उरला नाही, ६ म्हणजे माणूस गेला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. "शून्याला पहिला नंबर? कसली शाळा ही."

सही उजव्या हाताने केली. डाव्याने कर म्हटलं तर ऐकलं नाही. चौकटीच्या बाहेर गेलीय, पण केली.

घरी आल्यावर कॅलेंडरवर ३ एप्रिलला गोल करून घेतला माझ्याकडून. रोज सकाळी गाळणी धरून बसते, रिकामी. आज अकरापर्यंत मोजलं.

---

क्षकिरण | १७ जानेवारी, रात्री ११:४०

ताई, आईंना सांगा, १ गुण पडला तरी आम्ही चांगलाच धरतो. वेक-अपमध्ये "जवळजवळ पूर्ववत" म्हणून जे मोजले ते ० आणि १ मिळूनच होते.

---

सूरसागरकाठ | १८ जानेवारी, सकाळी ७:३०

सांगितलं. म्हणते, ग्रेस मार्क नकोत.

---

जुना_तंत्रज्ञ | १८ जानेवारी, सकाळी ७:४२

पाटल्या परत घातल्या का?

---

सूरसागरकाठ | १८ जानेवारी, सकाळी ७:५०

डावीच. उजवीला पिशवी लावून बघते काका.